एक टिकाऊ आणि परवडणारा हब

सायकलच्या मागच्या चाकाच्या मधोमध एक नळकांडं असतं. सगळे स्पोक त्याच्यापाशी येऊन टेकतात, चाक त्याच्याभोवती फिरतं आणि पायडल मारणं थांबवलं की त्याच्याच पोटातून टिकटिक ऐकू येते. त्याला हब म्हणतात. ही माहिती मला पन्नाशी उलटेपर्यंत नव्हती आणि तिच्यावाचून माझं काहीही अडलेलं नव्हतं. आता मला हबबद्दल इतकं माहीत आहे की चार माणसं जमली की माझ्या शेजारची खुर्ची आपोआप रिकामी राहते.

आमची ठकी डोंगरावरच्या हवामान केंद्रात नोकरीला आहे. पाऊस किती पडला, वारा कुठून आला, हे मोजायचं काम. एवढं तर आमच्या गॅलरीतूनही कळतं, त्यासाठी डोंगर कशाला चढायचा, असं मी एकदा म्हणालो होतो. तेव्हापासून ती माझ्याशी हवेच्या विषयावर बोलत नाही. वर जाणारा रस्ता म्हणजे दगडगोटे आणि चिखल यांनी आपसात केलेली तडजोड आहे. बस जात नाही. म्हणून तिने कुणाची तरी जुनी माउंटन बाइक घेतली आणि रोज तिच्यावरून जाऊ-येऊ लागली.

एके दिवशी ऐन चढावर, तिने सगळा जोर लावलेला असताना, पायडल भसकन रिकामं फिरलं. चाक जागच्या जागी. ठकीचा गुडघा हँडलवर आपटला आणि ती चिखलात बसली. सायकल ढकलत घरी आली तेव्हा तिचा अवतार बघून तिच्या आईने पहिल्यांदा तिला ओळखलंच नाही, आणि ओळखल्यावर मग जे काही बोलली ते सगळं मला उद्देशून होतं. हबच्या आत लहान लहान खटके असतात, ते दात्यांत अडकून चाक पुढे ढकलतात. ते झिजले की अडकत नाहीत. यात माझा काय दोष, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यात भर म्हणजे ठकीच्या साहेबांनी तिला केंद्राच्या आवारातल्याच दोन खोल्या देऊ केल्या होत्या. राहायचं की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. तिची आई म्हणाली, घेऊन टाक खोल्या, गुडघ्यापेक्षा काय मोठं आहे.  गुडघ्याला बर्फ लावत ठकी माझ्याकडे बघत राहिली. आता अशा वेळी बापाने काहीतरी ठोस बोलायला हवं, हे मलाही समजतं. मी म्हणालो, "तू काळजी करू नकोस. मी तुला असा हब आणून देतो की बाकीची सायकल गंजून जाईल, पण हब हलणार नाही."

ठकी "बरं" म्हणाली आणि आत गेली.

इथे थोडं बाजूला जाऊन एक गोष्ट सांगतो. आमचे कीर्तनकार बुवाही आख्यान अर्ध्यावर सोडून भलतीकडे जातात, पण मूळ पदावर परत येतात. तसा मीही येईन. आमच्या गल्लीच्या वळणापासून घरापर्यंत उतार आहे. संध्याकाळी ठकी त्या वळणावर पायडल मारणं थांबवते आणि तिथून टिकटिक सुरू होते. ती ऐकू आली की मी चहाचं आधण ठेवतो. ती सायकल जिन्याखाली लावून वर येईपर्यंत चहा होतो. तिला वाटतं, बाबांचा चहा नेहमी वेळेवर कसा तयार असतो कोण जाणे. कीर्तनात बुवांच्या मागे झांज धरून बसण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. बुवा बोलता बोलता कोणत्या क्षणी गायला लागतील याचा नेम नसतो, त्यामुळे माझे कान कायम उभे असतात. आता ठकीच वर राहायला गेली, तर संध्याकाळी हे कान लावायचे कुठे? पण हे असलं घरात बोलून दाखवायची आमच्याकडे रीत नाही. आमच्याकडे वस्तूंबद्दल बोलतात. म्हणून मी हबबद्दल बोललो.

तर, हब.

कोपऱ्यावरचा सायकलवाला फार सज्जन माणूस आहे, आणि माझ्या सगळ्या दुर्दशेचं मूळ त्याच्या सज्जनपणात आहे. गिऱ्हाईक जे म्हणेल ते त्याला पटतं. मी म्हणालो, स्वस्तातला, साध्या छऱ्यांचा हब घ्यावा का? तो म्हणाला, घ्या की. मी म्हणालो, पण चिखलात तो टिकणार नाही, बंद बेअरिंगचा घेतलेला बरा. तो म्हणाला, हो, तोच घ्या की. मी म्हणालो, पण तो महाग आहे. तो म्हणाला, तेही खरंच आहे. अर्धा तास मी त्याच्याशी चर्चा केली आणि बाहेर पडताना लक्षात आलं की मी एकटाच बोलत होतो.

तोवर बिल्डिंगमध्ये बातमी पोचली होती. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त ओव्हरसियर राहतात. त्यांची हयात पूल बांधण्यात गेली. त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की तिच्यावरून भरलेला ट्रक जाणार आहे असं समजूनच ते ती तपासतात. त्यांनी आमचा जुना हब किल्लीने ठोकून पाहिला, कान लावला, आणि यात लोखंड कमी आहे असा निकाल दिला. शिवाय ही टिकटिक म्हणजे दोषच आहे, असंही सांगितलं. संध्याकाळी ते खिडकीशी खुर्ची टाकून डोळे मिटतात तेव्हा नेमकी ती ऐकू येते. आत घट्ट ग्रीस भरलं की आवाज साफ बंद होतो, ते नक्की भरा. मी हो म्हणालो. ओव्हरसियरांना हो म्हणणं हा त्यांना परत वर पाठवण्याचा एकमेव मार्ग आहे.

रविवारी मेहुणे आले. ते दोन गल्ल्या पलीकडे राहतात आणि मोटारीने येतात. जगातल्या प्रत्येक वस्तूचा सर्वात महाग प्रकार कोणता हे त्यांना तोंडपाठ असतं. फक्त ती घ्यायची वेळ नेहमी दुसऱ्यावर येते. त्यांनी समजावलं की दाजी, आवाज करणारा हब म्हणजे हलका माल. खरा उंची हब मुका असतो. गाडी मागे येऊन उभी राहिली तरी माणसाला कळत नाही. त्याची किंमत त्यांनी सांगितली. मी पाणी मागितलं.

पण किंमत हे एकच कारण नव्हतं. मुका हब म्हणजे चहाचं काय करायचं, हा विचार माझ्या मनात आला, आणि मी तो लगेच झटकला. पुढे तो दर तासाने येत राहिला.

मेहुण्यांनी जाता जाता एक नवीनच नाद लावून दिला. या हबांच्या आवाजाचे व्हिडिओ असतात. कुणीतरी चाक हाताने फिरवतं, आणि टिकटिक टिकटिक एवढंच ऐकू येतं. जगात कुठेकुठे बसून माणसं हे ऐकत असतात. मीही ऐकू लागलो. काही हब नुसते खडखडतात. काही रागावलेल्या गांधीलमाशीसारखे गुणगुणतात. एक तर असा सुसाट होता, जसा नवशिक्या गायक ठेका सोडून पुढे पळतो. आणि मग एक सापडला. मधल्या किमतीचा, बंद बेअरिंगचा, आणि आवाज असा स्वच्छ, सुटा, समेवर पडणारा की मी त्याच्याबरोबर टेबलावर बोटांनी ताल धरला.

हे टेबल दुर्दैवाने ऑफिसमधलं होतं. मी विमा कंपनीत दावे विभागात आहे. लोकांचं नुकसान नुकसान नव्हतंच हे त्यांना पत्राने कळवायचं काम आम्ही करतो. त्या दुपारी सगळा विभाग शांत होता आणि माझ्या खणातून टिकटिक येत होती. साहेब केबिनमधून बाहेर आले, वर पंख्याकडे बघत उभे राहिले, आणि पंखा बिघडला म्हणून त्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. मी फोन बंद केला. इलेक्ट्रिशियनने पंखा उतरवला, उघडला, काही नाही म्हणाला आणि परत लावताना खरोखर बिघडवून ठेवला. आता तो सतत टिकटिकतो, आणि तोही बेताल. मी अगदी त्या पंख्याखालीच बसतो. देव सगळं बघत असतो याचा मला तरी आणखी पुरावा नको.

हब मागवला. ठकीला अचानक चकित करायचं म्हणून तिला काही सांगितलं नाही, आणि बिल्डिंगलाही बजावून ठेवलं. मागवताना मात्र एक चूक झाली. सायकल ठकीची, म्हणून पार्सलवर नाव ठकीचं घातलं. पार्सल आलं तेव्हा घरी कुणी नव्हतं. ते पार्सलवाल्यांच्या कचेरीत परत गेलं, आणि मी ते आणायला गेलो.

खिडकीतल्या बाईंनी पार्सलवरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. या नावाच्या व्यक्तीने स्वतः यायचं, म्हणाल्या. मी सांगितलं की ती व्यक्ती डोंगरावर आहे, आणि तिला कळू द्यायचं नाही, म्हणून तर मी आलो. हे वाक्य बोलताना मला फार निरागस वाटलं होतं. बाईंनी शेजारच्या खिडकीतल्या माणसाला बोलावलं.

"तुमचं त्यांच्याशी नातं काय?" त्याने विचारलं.

"मी तिचा बाप आहे."

"ते तुमच्या घरचं झालं," तो म्हणाला. "इथे काय आहे?"

इथे म्हणजे कागदावर काही नव्हतं. माझ्या ओळखपत्रावर माझ्या बापाचं नाव आहे, ठकीचं नाही. कुणाचा मुलगा आहे हे माणसाला सगळीकडे सिद्ध करता येतं. कुणाचा बाप आहे हे कुणीही कधी विचारत नाही, आणि विचारलं की असं होतं. मी मग तिचं लहानपण सांगायला सुरुवात केली. बाईंना ते ऐकायला आवडत होतं, पण मागे रांग वाढत गेली आणि रांगेतल्या लोकांना नव्हतं आवडत. अखेर दुसऱ्या दिवशी आमची ही स्वतः गेली, ठकीच्या ओळखपत्राची प्रत घेऊन. ती तिला कशी मिळाली, असं मी विचारलं. ती म्हणाली, ठकीकडे मागितली. मग ठकीला कळलं असेल की, मी म्हणालो. ती म्हणाली, अहो, ते सगळ्यांना कळलं आहे, तुम्ही आपलं चालू द्या.

मी चालू दिलं. हब हातात आला. बोटाने फिरवला आणि टिकटिक ऐकून माझे डोळे भरून आले. तो छातीशी धरून मी सायकलवाल्याकडे गेलो. त्याने तो उलटसुलट बघितला, बाजूच्या भोकांवरून नख फिरवत मोजलं, आणि पहिल्यांदाच त्याला काही पटलं नाही असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. स्पोक अडकवायला हबला छत्तीस भोकं होती. ठकीच्या सायकलच्या रिमला बत्तीस. मी हब निवडताना ऐकण्यापलीकडे काहीही केलेलं नव्हतं. बघायचंही असतं, हे कुणी बोललंच नाही.

यावर उपाय काय, मी विचारलं. नवा हब की नवी रिम? सायकलवाल्याने क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा सज्जनपणा उफाळून आला. हब एवढा आवडलाय तर रिमच घ्या की, तो म्हणाला. रिम घेतली. ती जुन्या टायरला रुंद पडली, म्हणून टायर घेतला. छत्तीस स्पोक घेतले. ब्रेकची जुनी चकती हबवर बसेना, म्हणून चकती घेतली. दर वेळी तो म्हणायचा, घ्या की, आणि दर वेळी मी घ्यायचो, कारण आता मागे फिरलो असतो तर आधीचं सगळं फुकट गेलं असतं. परवडणाऱ्या हबचा हाच गुण आहे. तो एकटा परवडतो.

चाक बांधून झालं, ते डुगडुगू नये म्हणून सायकलवाल्याने त्याचा आउट काढला, आणि गुरुवारी संध्याकाळी मी ते घरी आणलं. सगळा आठवडा ठकी कधी चालत, कधी दुधाच्या टेम्पोतून डोंगरावर जात होती आणि लंगडत येत होती. दुसऱ्या दिवशी तिला साहेबांना उत्तर द्यायचं होतं. ती यायच्या आत चाक बसवून सायकल जिन्याखाली उभी करायची, एवढंच बाकी होतं.

सायकल गॅलरीत उलटी उभी केली. ओव्हरसियर देखरेखीला खाली आले. मेहुणे मोटारीने आले. मी चाक उचलून फ्रेमच्या मागच्या दोन पायांच्या मध्ये नेलं, आणि ते आत जाईना. हब जागेपेक्षा रुंद होता. फार नाही, नखभर. पण पाहुणा उंबऱ्याबाहेर नखभर राहिला तरी तो बाहेरच राहतो.

मी तिथेच खाली बसलो. ओव्हरसियर मात्र उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पुलाच्या दिवसांचं तेज आलं. धातू आहे, म्हणाले, त्याला समजावलं की तो ऐकतो. या दोन पायांना नखभर फाकवायचं, बस. लाकडाची पाचर ठोकून पाहिली, ती तुटली. मग मेहुण्यांनी त्या दिवसातलं आपलं एकमेव योगदान दिलं. ते खाली जाऊन मोटार उचलायचा जॅक घेऊन आले. आता जो जॅक मोटार उचलतो तो सायकलच्या दोन पायांमध्ये ठेवावा की नाही, याचा विचार तीन प्रौढ माणसांपैकी एकाने तरी करायला हवा होता. प्रत्येकाला वाटलं, दुसरा करतोय.

मी दांडा फिरवू लागलो. पाय फाकले. ओव्हरसियर म्हणाले, बघा, ऐकतोय. मेहुणे म्हणाले, आणखी थोडं. मी आणखी थोडं फिरवलं. कुठेतरी कर्र झालं आणि मग स्वच्छ, सुटा, समेवर पडणारा असा एकच आवाज आला. फ्रेमचा डावा पाय जोडाजवळ चिरला होता. लोखंडाचे पूल बांधणाऱ्या माणसाकडून ॲल्युमिनियम समजावून घेत नाही, हे तेव्हा कळलं.

 मी मान वर केली, आणि दारात ठकी उभी होती. खांद्याला पिशवी, पायाला चिखल. ती आलेली मला कळलीच नव्हती. चालत आली होती ना.

"केव्हापासून उभी आहेस?"

"जॅक लावलात तेव्हापासून."

"मग थांबवायचं नाही का?"

"तुम्ही तिघं इतके रमला होतात," ती म्हणाली.

मेहुण्यांना एकदम आठवलं की त्यांनी मोटार भलत्याच जागी लावली आहे. ते जॅक घेऊन गेले. हल्लीच्या धातूत पूर्वीचा दम नाही, असं पुटपुटत ओव्हरसियरही वर गेले. ठकी माझ्याशेजारी जमिनीवर बसली, दुखरा पाय लांब केला, आणि नवं चाक मांडीवर घेऊन हाताने फिरवलं. टिकटिक टिकटिक. आम्ही दोघं ते थांबेपर्यंत ऐकत बसलो.

"आवाज छान आहे," ती म्हणाली.

"बंद बेअरिंगचा आहे. चिखल आत जात नाही. टिकाऊ आहे, आणि..." परवडणारा हा शब्द माझ्या तोंडातून निघेना.

"बाबा, उद्या साहेबांना काय सांगू?"

मी सांगू लागलो की जुनी फ्रेम कुठेतरी मिळेल, सायकलवाल्याला सकाळीच विचारतो, फक्त या वेळी माप नीट घेऊन.

"फ्रेमचं नाही विचारत मी."

स्वयंपाकघराच्या दारातून तिची आई म्हणाली, "अहो, बोला की एकदा."

मी चाकाकडे बघत होतो. भोकं मोजायची नव्हती, रुंदी जुळवायची नव्हती, कुणाचं ओळखपत्र लागत नव्हतं. तरी ते शब्द बाहेर यायला जॅक लावावा लागला असता.

"नको जाऊस," मी म्हणालो.

ठकीने एक सुस्कारा सोडला. "मग पहिल्याच दिवशी म्हणायचं ना तसं. मी बसले होते वाट बघत. आई गुडघ्याचं बोलली, तू हबचं बोललास. जाऊ नको असं कुणी म्हणेचना. मला वाटलं, तुम्हाला माझी खोली हवी असेल."

"मी कशाला म्हणू," तिची आई म्हणाली, "मला वाटलं, तुला जायचंय. तू तरी कुठे नाही म्हणालीस?"

एवढं बोलून आमची ही आत गेली आणि भांड्यांचा जरा जास्तच आवाज करू लागली. ठकी चाक पुन्हा फिरवू लागली. म्हणजे एका घरात तीन माणसं, तिघांचंही म्हणणं एक, आणि तिघांनीही ते एका नळकांड्यावर ढकलून दिलेलं. बुवा नेहमी निरूपणात सांगतात की जे जवळ असतं ते माणूस लांब शोधत फिरतो. मी त्यावर दर वेळी मान डोलावून झांज वाजवतो. आता वाटतं, मधूनमधून ऐकायलाही हवं होतं.

शुक्रवारी ठकीने नकार कळवला. साहेबांनी त्या खोल्या दुसऱ्या कुणाला दिल्या. त्यांचं छत गळतं, असं नंतर कळलं; हवामान केंद्राच्या खोल्यांचं. फ्रेम सायकलवाल्याकडे होतीच. रंग कसाही होता, पण माप बरोबर होतं. ही घेऊ का, असं ठकीने विचारलं आणि तो काय म्हणाला हे मी सांगायची गरज नाही. नव्या फ्रेमला जुनी साखळी आखूड पडली. असो. आता या हबभोवती एक संपूर्ण सायकल उभी आहे, आणि जुन्या सायकलचं उरलेलं सामान माझ्या पलंगाखाली आहे. त्याविषयी घरात बोलत नाहीत.

परवा ओव्हरसियर पुन्हा खाली आले. नवा हब जुन्यापेक्षा मोठ्याने वाजतो, अगदी वळणापासून खिडकीत ऐकू येतो, आणि डोळा लागत नाही म्हणाले. आणि बरोबर घट्ट ग्रीसचा एक डबा घेऊन आले, स्वतःच्या संग्रहातला. पुलांच्या सांध्यांना वापरायचे ते. मी त्यांचे मनापासून आभार मानले, आजच भरतो म्हणालो, आणि त्यांच्यासमोर डबा उघडून वासही घेतला.

डबा माळ्यावर आहे, अगदी मागे, घड्या करून ठेवलेल्या गाद्यांच्या पलीकडे. बाकीचं नंतर सांगतो, आधण ठेवायचं आहे. वळणावर आली ती.